हृदयाच्या झडपांचे विकार आणि पारंपरिक चिनी वैद्यक : एका दाव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या साहाय्याने हृदयाच्या झडपांचे विकार शस्त्रक्रियेविना बरे होतात, असा दावा लोकप्रिय लेखनातून वारंवार केला जातो. या दाव्याच्या समर्थनार्थ सामान्यतः तीन गोष्टी पुढे केल्या जातात. पहिली, हा आजार चीनमधील प्राचीन वैद्यांना ठाऊक होता. दुसरी, चिनी वनौषधींनी अनेक रुग्णांचा दम व सूज कमी झाली आहे. आणि तिसरी, ही औषधे नैसर्गिक असल्यामुळे त्यांपासून अपाय होत नाही. या तिन्ही विधानांचे स्वरूप परस्परांहून भिन्न आहे. पहिले ग्रंथार्थाचे, दुसरे चिकित्सेच्या पुराव्याचे आणि तिसरे विषविज्ञानाचे आहे. त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच दाव्याला जे वजन प्राप्त होते, ते त्यांपैकी एकाही विधानाला स्वतंत्रपणे पेलता येत नाही. प्रस्तुत लेखात ही विधाने वेगवेगळी करून तपासली आहेत.

झडप म्हणजे एक यांत्रिक अवयव होय, ही गोष्ट येथे आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. हृदयातील चार झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. झडपेची दले एकमेकांना चिकटली किंवा त्यांवर कॅल्शियमचे थर साचले, की वाट अरुंद होते; दले फाटली, आखडली किंवा त्यांना धरून ठेवणारे तंतू तुटले, की झडप गळू लागते. आपल्या देशात तरुण वयात आढळणारा झडपांचा विकार मुख्यतः संधिवाताच्या तापातून उद्भवतो. घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते आणि त्यात डाव्या बाजूच्या द्विदल झडपेची सर्वाधिक हानी होते. उतारवयात दिसणारे महाधमनीच्या झडपेचे अरुंदीकरण याहून वेगळे असून ते कॅल्शियम साचल्याने होते. म्हणजे ‘झडपेचा आजार’ हा एक आजार नव्हे. त्यावर एकच औषध सांगणाऱ्याने आपण कोणत्या झडपेविषयी आणि कोणत्या बिघाडाविषयी बोलत आहोत, हे प्रथम सांगणे आवश्यक ठरते. व्यवहारात ते क्वचितच सांगितले जाते.

ग्रंथांतील आधार आणि त्याची मर्यादा

प्राचीनत्वाच्या युक्तिवादाला एक खरा आणि लक्षणीय आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकाच्या मूलग्रंथातील ‘सूवेन’ या भागाच्या 43व्या अध्यायात ‘बी’ नावाच्या विकारसमूहाचे विवेचन आहे. वारा, थंडी आणि ओलावा ही तिन्ही एकत्र आल्याने शरीरात अवरोध निर्माण होतो, सांधे व स्नायू दुखतात, असे तेथे प्रतिपादन केले आहे. पुढे त्यात असेही म्हटले आहे की, रक्तवाहिन्यांतील ‘बी’ दीर्घकाळ टिकून राहिला आणि रुग्णास त्याच दोषाची पुन्हा बाधा झाली, तर तो हृदयात जाऊन वास करतो. त्या अवस्थेची लक्षणे म्हणून अस्वस्थता, छातीतील धडधड, एकाएकी वर उसळणारा श्वास आणि भीती यांचा उल्लेख येतो. सांध्यांच्या दुखण्यामागून येणारा, पुनःपुन्हा होणाऱ्या बाधेने बळावणारा आणि धाप लावणारा हृदयविकार असे हे वर्णन वाचल्यावर आधुनिक वाचकाला संधिवाताच्या तापाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दमट, कोंदट वस्तीशी या आजाराचा असलेला संबंधही सर्वज्ञात आहे.

तथापि हा उतारा एकटा काढून वाचणे ही वाचनाची चूक होय. त्याच अध्यायात, त्याच वाक्यरचनेत, हाडांतील ‘बी’ मूत्रपिंडात जातो, स्नायुबंधांतील यकृतात जातो, मांसातील प्लीहेत जातो आणि त्वचेतील फुप्फुसात जातो, असेही सांगितले आहे. पाच ऊती आणि पाच आंतरेंद्रिये यांची जोडी लावणाऱ्या पंचतत्त्वांच्या चौकटीतून ही पाचही विधाने निष्पन्न झाली आहेत. त्यांपैकी हृदयाविषयीचे विधान निरीक्षणातून आले आणि उरलेली चार केवळ सममितीसाठी आली, असे म्हणण्यास ग्रंथात कोणताही आधार सापडत नाही. पाचांपैकी एक विधान आधुनिक ज्ञानाशी जुळले, म्हणून त्याला शोध म्हणावयाचे आणि न जुळणाऱ्या चारांविषयी मौन पाळावयाचे, ही पद्धत इतिहासलेखनात मान्य होण्यासारखी नाही.

मराठी वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे जे वर्णन आहे, त्यात वाढलेल्या अवस्थेतील लक्षणांत हृद्ग्रहाचा निर्देश येतो. त्यावरून माधवकराला संधिवाताच्या तापातील हृदयविकार अवगत होता, असे आपल्याकडेही सांगितले जाते. माधवकराचे निरीक्षण सूक्ष्म होते, याविषयी दुमत नाही. परंतु लक्षणांचा सहवास टिपणे आणि त्या लक्षणांमागील बिघडलेला अवयव ओळखणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. उपचार दुसऱ्या पायरीवर अवलंबून असेल, तर पहिलीचे श्रेय तेथे कामी येत नाही.

चिनी परंपरेत ही दुसरी पायरी का गाठली गेली नाही, याचे उत्तर तिच्या शरीरकल्पनेत आहे. ‘नानजिंग’ या ग्रंथाच्या 42व्या प्रश्नात हृदयाचे वजन दिले आहे, त्यात सात छिद्रे आणि तीन केस असतात असे सांगितले आहे. झडपा मात्र नाहीत. हृदय हे राजाचे स्थान, चैतन्याचे आश्रयस्थान आणि रक्तवाहिन्यांचा स्वामी मानले गेले. पंप म्हणून त्याचा विचार झाला नाही. आणि जेथे पंप नाही तेथे झडपेचे प्रयोजनही उरत नाही. या परंपरेतही प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरणारा एक वैद्य होऊन गेला. वांग छिंगरेन याने 1797 मध्ये साथीत दगावलेल्या मुलांची उघडी पडलेली शवे पाहिली, वधस्तंभाजवळ जाऊन निरीक्षणे केली आणि 1830 मध्ये जुन्या चित्रांतील चुका दाखविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे धैर्य असामान्य म्हणावे लागेल. परंतु रक्त वाहून गेलेल्या शवांवरून त्याने हृदयात रक्त नसते, असा निष्कर्ष काढला! याच ग्रंथातील ‘श्वेफू झूयू तांग’ हा रक्तसंचय दूर करणारा काढा आजही हृदयविकारात दिला जातो. ज्या शारीरकल्पनेवर तो उभा राहिला ती चुकीची होती, एवढ्यावरून काढा निरुपयोगी ठरत नाही. मात्र त्याची उपयुक्तता त्या कल्पनेच्या आधारे सिद्धही होत नाही. तिला स्वतंत्र पुरावा लागतो.

लक्षणांचा उपशम आणि झडपेची दुरुस्ती

दुसऱ्या विधानाकडे वळताना वनस्पतीतून मिळालेल्या औषधांविषयी तुच्छतेची भूमिका घेण्याचे कारण नाही. विल्यम विदरिंग याने 1785 मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचा आधार एक घरगुती काढाच होता. द्विदल झडप अरुंद झालेल्या आणि नाडी अनियमित झालेल्या रुग्णाला डिजिटॅलिसने उतार पडतो. हृदयाची गती मंदावली, की डाव्या निलयात रक्त भरण्यास अवधी मिळतो. परंतु झडप तितकीच अरुंद राहते. चिनी औषधींतही अशा प्रकारचे कार्य करणारी द्रव्ये आहेत. ‘श्यांगज्यापी’ या सालीत हृदयावर कार्य करणारे ग्लायकोसाइड असते. भेकाच्या विषापासून तयार होणाऱ्या ‘छानसू’मध्ये त्याच प्रकारचे, परंतु अधिक तीव्र द्रव्य असते. ‘झेनवू तांग’ हा काढा सूज उतरविण्यासाठी शतकानुशतके वापरात आहे. या औषधांनी काही रुग्णांचा दम वा सूज खरोखरच कमी झाली असेल, हे नाकारण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्यावरून झडप बरी झाली असे म्हणता येते काय?

येथे रोगाचा नैसर्गिक क्रमही फसवा ठरतो. झडपांचे विकार वर्षानुवर्षे स्थिर राहतात, लक्षणे कमीअधिक होतात, मीठ कमी केल्याने आणि विश्रांतीनेही आराम वाटतो. याहून धोक्याची गोष्ट हृदयाच्या आवाजासंबंधी आहे. महाधमनीची झडप अत्यंत अरुंद झालेल्या रुग्णाचे हृदय थकू लागले, की झडपेतून जाणारा प्रवाहच क्षीण होतो आणि छातीवर ऐकू येणारी मर्मर पूर्वीपेक्षा मंद होते. केवळ कानाने पारख करणारा चिकित्सक याला सुधारणा समजू शकतो. जॉन रॉस आणि यूजीन ब्राउनवाल्ड यांनी 1968 मध्ये दाखवून दिले होते की, अशा रुग्णाला शस्त्रक्रिया न मिळाल्यास छातीत दुखू लागल्यानंतर सरासरी 5 वर्षे, भोवळ येऊ लागल्यानंतर 3 वर्षे आणि हृदय दुबळे पडल्यानंतर केवळ 2 वर्षे आयुष्य उरते. एखादा काढा सहा महिने घेऊन पाहू, या निर्णयाची किंमत या आकड्यांच्या प्रकाशात मोजावी लागते.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, अरुंद झालेली झडप औषधाने मोकळी करण्याचा आधुनिक वैद्यकाचा प्रयत्नही फसला आहे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचणे थांबेल, अशी आशा होती. परंतु 2005 मधील ‘साल्टायर’, 2008 मधील ‘सीस’ आणि 2010 मधील ‘अॅस्ट्रोनॉमर’ या तिन्ही चाचण्यांत ती फोल ठरली. फरक असा की, आशा फोल ठरल्याचे त्याच शास्त्राने जाहीर केले आणि तो उपचार सोडून दिला. चिनी औषधींतील काही द्रव्यांनी प्राण्यांच्या झडपांतील कॅल्शियम साचण्याची क्रिया मंदावल्याचे प्रयोग अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत. परंतु स्टॅटिन औषधांच्या बाबतीतही प्राण्यांवरील प्रयोग उत्साहवर्धकच होते, याचा विसर पडू नये.

चीनमधील चाचण्यांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न जुना आहे. अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये केलेल्या पाहणीत चीनमधून प्रसिद्ध झालेल्या अॅक्युपंक्चरच्या सर्वच्या सर्व चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल आढळले होते. जेथे कोणताही उपचार कधीच अपयशी ठरत नाही, तेथील यशालाही अर्थ उरत नाही. अर्थात ही स्थिती पुढे काही प्रमाणात बदलली, हे मान्य करावे लागेल. ‘छीलीच्यांगशिन’ या अकरा द्रव्यांच्या कॅप्सूलची चाचणी दुर्बल हृदयाच्या 3,110 रुग्णांवर, औषध कोणते व बनावट गोळी कोणती हे रुग्ण व डॉक्टर या दोघांनाही कळू न देता, घेण्यात आली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार हृदयदौर्बल्यामुळे रुग्णालयात दाखल होणे अथवा हृदयविकाराने मृत्यू येणे, यांचे एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत 25.02 टक्के, तर बनावट गोळी घेणाऱ्यांत 30.03 टक्के होते. हा निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखा नाही. चिनी औषधींचे टीकाकार तो टाळतात आणि समर्थक त्याचा अतिव्याप्त अर्थ लावतात. दोन्ही चुकीचे आहे. ही चाचणी हृदयाच्या स्नायूंची आकुंचनशक्ती घटलेल्या रुग्णांची होती आणि प्रस्थापित औषधे चालू ठेवून तिच्यात कॅप्सूलची भर घातली होती. झडप उघडते काय, असा प्रश्न तिने विचारला नव्हता. त्यामुळे तिने त्याचे उत्तरही दिलेले नाही.

चीनमधील प्रत्यक्ष व्यवहार

या वादात एक साक्ष क्वचितच काढली जाते, ती खुद्द चीनची. माओच्या राजवटीत पारंपरिक वैद्यकाला शासकीय प्रतिष्ठा मिळाली, महाविद्यालये निघाली, 1955 मध्ये बीजिंग येथे त्याची संशोधनसंस्था स्थापन झाली. त्याच काळात, 1954 मध्ये, शांघाय येथे लान शीचुन यांनी अरुंद द्विदल झडप शस्त्रक्रियेने मोकळी केली. अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी 1960 मध्ये द्विदल झडपेच्या जागी कृत्रिम झडप यशस्वीरीत्या बसविल्यानंतर पाचच वर्षांनी, 1965 मध्ये, त्साय युंगझ यांनी शांघायमध्येच चिनी बनावटीची गोलकयुक्त झडप रुग्णास बसविली. परंपरेचा अभिमान राजधोरण असताना आणि पाश्चात्त्य जगाशी संबंध तुटलेले असताना त्या देशातील शल्यचिकित्सकांनी झडपेसाठी काढ्याची वाट पाहिली नाही. ज्या कोटणीसांमुळे चिनी वैद्यकसेवेशी महाराष्ट्राचे नाते जुळले, ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही तेथे शल्यचिकित्सक म्हणूनच कार्यरत होते, ही आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये.

सुयांनी भूल देऊन हृदयावर शस्त्रक्रिया केल्याची शांघायमधील उदाहरणे या संदर्भात सांगितली जातात. 2006 मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर असे एक दृश्य दाखविण्यात आले, तेव्हा त्या रुग्णाला गुंगीची व वेदनाशामक औषधेही दिली होती, ही बाब टीकाकारांनी निदर्शनास आणली. सुयांमुळे भुलेच्या औषधांची मात्रा कमी होते काय, हा अभ्यासाचा विषय होऊ शकेल. परंतु तेथेही हृदयावर काम करते ती सुरीच.

निर्धोकतेचा समज

तिसरे विधान हे तिन्हींत सर्वाधिक घातक आहे. कारण ते शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालाही लागू केले जाते. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णाला आयुष्यभर रक्तात गुठळी होऊ न देणारे वॉरफॅरिन हे औषध घ्यावे लागते. त्याची मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी होऊन ती अडकते किंवा मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होतो. जास्त झाली तर रक्तस्राव होतो. ‘आय.एन.आर.’ या तपासणीने ही मात्रा वारंवार ठरवावी लागते. वॉरफॅरिन हेही सडलेल्या गोड क्लोव्हर गवतातील द्रव्याच्या शोधातून निर्माण झाले, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. नैसर्गिक आणि निर्धोक हे समानार्थी शब्द नाहीत, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दानशेन हे चिनी वैद्यकातील हृदयविकारावरचे सर्वांत प्रतिष्ठित मूळ. 1990 च्या दशकात हाँगकाँगमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत, वॉरफॅरिन घेणाऱ्या आणि झडपेवर उपचार झालेल्या रुग्णांनी दानशेन सुरू केल्यावर त्यांचे रक्त धोकादायक मर्यादेपलीकडे पातळ झाल्याचे नोंदविले आहे. जिनसेंगचा परिणाम नेमका उलट. 1997 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात, कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाने जिनसेंग सुरू केल्यावर दोन आठवड्यांत त्याचा निर्देशांक 3.1 वरून 1.5 वर घसरला. म्हणजे झडपेवर गुठळी होण्याचा मार्ग मोकळा झाला. 2004 मध्ये निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगानेही अमेरिकन जिनसेंगमुळे वॉरफॅरिनचा प्रभाव कमी होतो, हे दाखवून दिले. आता चिनी काढा हा एकाच द्रव्याचा नसतो, हे ध्यानी घ्यावे. ‘छीलीच्यांगशिन’मध्ये ही दोन्ही द्रव्ये एकत्र आहेत. एक रक्त पातळ करण्याकडे ओढते, दुसरे घट्ट होण्याकडे. त्यांची बेरीज कोणत्या बाजूला झुकेल, हे ग्रंथावरून सांगता येत नाही.

इतर द्रव्यांची कथाही फारशी वेगळी नाही. ‘झेनवू तांग’मधील ‘फूझी’ म्हणजे आपल्या बचनागाचेच कूळ; अपुरे उकळले गेल्यास त्यातील अॅकोनिटीन हृदयाचे ठोके प्राणघातक रीतीने बिघडवते. ‘छानसू’ आणि डिजॉक्सिन एकत्र आल्यास एकाच जातीच्या दोन विषांची मात्रा होते. धडधडीवर दिल्या जाणाऱ्या ‘झीगानत्साओ तांग’ या झांग झोंगजिंगच्या विख्यात काढ्यात भाजलेला ज्येष्ठमध हे मुख्य द्रव्य आहे. खोकल्यावर चघळण्याचा ज्येष्ठमध आपल्या घरात निरुपद्रवी मानला जातो. परंतु मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास तो शरीरात मीठ-पाणी साठवतो आणि पोटॅशियम कमी करतो. मूत्रल औषधे आणि डिजॉक्सिन घेणाऱ्या, पायांवर सूज असलेल्या रुग्णास याहून प्रतिकूल गोष्ट कोणती असू शकेल?

ब्रुसेल्समधील घटना या चर्चेत वेगळ्या कारणाने महत्त्वाची ठरते. 1990 पासून तेथे वजन घटविण्याच्या गोळ्यांत चिनी वनौषधी मिसळल्या जाऊ लागल्या. त्यांतील एका वनस्पतीच्या जागी नामसादृश्यामुळे अॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. 1993 मध्ये हे उघडकीस आले. त्याच गोळ्यांत फेनफ्लुरामिन हे रासायनिक औषधही होते. 1997 मध्ये फेनफ्लुरामिनमुळे हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागतात, असे अमेरिकेत दिसून आले आणि ते बाजारातून काढून घेण्यात आले. ब्रुसेल्सच्या रुग्णांतही झडपांचे विकार आढळले. ‘चिनी वनौषधी’ या नावाखाली विकल्या गेलेल्या गोळ्यांनी झडपा बऱ्या होणे तर दूरच. त्या घेणाऱ्यांच्याच झडपा बिघडल्या. यात दोष चिनी वैद्यकाचा नसून भेसळीचा व नियमनाच्या अभावाचा होता, हे खरे. मात्र बाटलीवरचे नाव पाहून औषध घेणाऱ्या रुग्णाला हा भेद करता येत नाही.

वॉरफॅरिनला पर्याय सापडेल आणि मग ही अडचण संपेल, अशी अपेक्षा काही काळ होती. तीही पूर्ण झाली नाही. धातूच्या झडपांसाठी डॅबिगॅट्रान या नव्या औषधाची चाचणी 2013 मध्ये गुठळ्या व रक्तस्राव या दोन्ही बाबतींत वाईट ठरली. संधिवाती हृदयविकार आणि अनियमित नाडी असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांच्या 2022 मधील ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत रिव्हारॉक्सॅबानपेक्षा वॉरफॅरिनच्या जातीची औषधेच सरस ठरली. त्यामुळे झडपेच्या रुग्णाच्या हाती वॉरफॅरिन आहे आणि पुढेही राहणार आहे. अशा रुग्णाच्या आहारातील पालेभाजीचे प्रमाण बदलले, तरी त्याच्या रक्ताचा निर्देशांक हलतो. पालेभाजीविषयी डॉक्टर विचारतात आणि रुग्णही सांगतो. काढ्याविषयी मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. आणि तो औषध नव्हे, शक्तीसाठी घेतलेली वस्तू आहे, या समजुतीने रुग्णही ते सांगत नाही. मुळाचा वाण, जमीन, साठवण आणि उकळण्याचा वेळ यांनुसार दानशेनच्या प्रत्येक पेल्यातील द्रव्य बदलते, त्यामुळे एकदा जुळविलेली वॉरफॅरिनची मात्रा पुढच्या पुडीला जुळेलच असे नाही.